आधी वही, मग ट्रक

मागच्या अंकात पूर, दरडी आणि मदतकार्य यांवर प्रश्न मागवले होते. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न होता : यंदा पाणी किती येणार? ते मला कळत असतं तर सदतीस वर्षं सातबारे लिहिण्यात घालवली असती का? तलाठी म्हणून लागलो, 2014 ला मंडळ अधिकारी म्हणून सुटलो. सगळी नोकरी कृष्णा आणि वारणेच्या काठानं झाली. 2005 चा महापूर खुर्चीवर असताना पाहिला, 2019 आणि 2021 चे निवृत्त झाल्यावर. खुर्ची गेल्यावर लोक तोंडावर खरं बोलायला लागतात, तेवढा फायदा झाला. खालची उत्तरं त्या बोलण्यातूनच आलेली आहेत.

प्रश्न : आमच्या गणेश मंडळानं 2019 ला सांगलीकडं दोन ट्रक पाठवले होते. कपडे, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या. नंतर कळलं की कपडे रस्त्याकडेला पडून राहिले. वाईट वाटलं. पुन्हा वेळ आली तर काय पाठवावं?
— मंडळाचा एक कार्यकर्ता, सातारा

पडून राहिले हे खरं आहे. तुमचेच होते का ते सांगता येणार नाही, पण तासगाव रस्त्याला एका मंगल कार्यालयाच्या आवारात कपड्यांचा कमरेएवढा ढीग मी पाहिला. पावसात भिजून त्याला कुबट वास सुटलेला. वरच एक नवरदेवाचा कोट होता. आमच्या घरातल्या म्हणाल्या, “चिखल काढायला हा घालायचा होता होय?” घरात पाणी शिरलं म्हणून बाई कुणाचंही उसवलेलं लुगडं नेसायला तयार होत नाही. तुमचा हेतू चांगला होता, पण तुम्ही विचारलं नव्हतंत.

पहिले तीन-चार दिवस लागतं शिजवलेलं अन्न, आणि ते जवळच्या गावांनीच द्यायचं असतं. त्या वर्षी आटपाडी, जत भागात दुष्काळ होता, तरी आमच्या छावणीत तिकडून भाकरी आणि ठेचा आला. साताऱ्याहून ट्रक भरून, रस्ता शोधत पोचेपर्यंत हा टप्पा संपलेला असतो. रस्त्याचं म्हणाल तर 2019 ला कोल्हापूरजवळ शिरोलीला पाणी आल्यानं पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता आणि गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. म्हणून निघण्याआधी 1077 वर, म्हणजे जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला, फोन करा आणि कुठल्या गावाला अजून काही गेलेलं नाही ते विचारा. गावाचं नाव घेऊनच निघा. नाव न घेता निघालेला ट्रक डांबरी रस्त्याला लागून असलेल्या पहिल्या गर्दीत रिकामा होतो. मग त्या गावाला पाच वेळा मिळतं आणि आतल्या गावाला एकदाही नाही.

तुमच्या मंडळाची वेळ खरी येते ती पाणी उतरल्यावर. घरात गुडघाभर चिखल असतो आणि त्यात साप निघतात. तेव्हा लागतात खराटे, फावडी, घमेली, गमबूट, रबरी हातमोजे, फिनेल, सतरंज्या, चादरी. बायकांचे आतले कपडे आणि पॅड, नवीन आणि वेगवेगळ्या मापांचे. हे मागायला बाया लाजतात, म्हणून कुठल्याच यादीत येत नाही. जनावरांसाठी वैरण. आणि ट्रकात माल थोडा कमी भरून माणसं जास्त आणा. दोन वायरमन, दोन मोटर रिवायंडिंगवाले, एखादा प्लंबर. 2021 ला कऱ्हाडकडून आलेल्या एका वायरमननं चार दिवसांत एका गल्लीतली सगळी मीटर-बोर्डं सुकवून, तपासून दिली. त्याचं नाव आजही त्या गल्लीत निघतं. बिस्किटं कुणी दिली ते कुणाला आठवत नाही.

प्रश्न : आमच्या गावात 2019 ला एकेका घरात चार-चार किट गेली आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवर एकही गेलं नाही. त्यावरून झालेली भांडणं अजून मिटलेली नाहीत. यंदा आमच्या बचत गटानं आधीच यादी करायचं ठरवलंय. ती कशी करावी?
— बचत गटाची अध्यक्षा, पलूस तालुका

ताई, तुमच्या पत्रानं माझं जुनं दुखणं उघडं केलं. 2005 ला मी एका गावात वाटपाची यादी केली. कशावरून? ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वरून, म्हणजे घरपट्टीच्या रजिस्टरावरून. झकास यादी, अनुक्रमांकासह. तिसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडून एक म्हातारी आली आणि म्हणाली, “भाऊसाहेब, आमच्यापतोर काय आलंच न्हाई.” अकरा कुटुंबं होती तिथं. घरपट्टी त्यांच्या नावावर नव्हती, म्हणून माझ्या कागदावर ती माणसंच नव्हती. दुसरीकडं तीन भावांचं एकच घर होतं, चुली तीन आणि माझ्या यादीत नाव एक. तिथं एका किटवर तीन जावांची जुंपली. त्या अकरा कुटुंबांना मी नंतर दिलं, पण ‘नंतर’ हा शब्द पुरात फार लांब असतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे घरं मोजू नका, चुली मोजा. जिथं वेगळं शिजतं ते वेगळं कुटुंब. घरपट्टीचं रजिस्टर, रेशनकार्डाची यादी, मतदार यादी या तिन्ही हाताशी ठेवा, पण विश्वास कुठल्याच एकीवर टाकू नका. गल्लीगल्लीतून पायी फिरा. भाडेकरू, मळ्यातल्या वस्त्या, पाल ठोकून राहिलेली माणसं, मुलं पुण्या-मुंबईला असलेली एकटी म्हातारी, हे पायी फिरल्याशिवाय सापडत नाहीत. ऊसतोडीची माणसं ऑगस्टमध्ये गावात नसतात. पण पूर ऑक्टोबरात आला तर असतील. म्हणून यादी वर्षातून एकदा करून कपाटात ठेवायची नाही.

साधी दोनशे पानी वही घ्या. एका चुलीला एक पान. वर चुलीचा नंबर, मोठ्या बाईचं नाव, माणसं किती, मोबाईल. (बाईचंच नाव लिहा. वाटपाला पुरुष येतो आणि ‘आम्हाला मिळालं नाही’ असं सांगायला दुसरा पुरुष येतो. बाईच्या नावावर हा गोंधळ कमी होतो, हा माझा अनुभव.) मग पाणी आलं तर कुठं जाणार : शाळेत, पाहुण्यांकडं की माळावर. जनावरं किती. त्याखाली मोकळी जागा, तारीखवार काय मिळालं आणि कुणाकडून.

आजारपण आणि औषधं या वहीत लिहू नका. इन्सुलिन कुणाला लागतं, टीबीची गोळी कुणाची चालू आहे, कुणाला दिवस गेलेत, हे आशाताईंच्या वेगळ्या वहीत राहू दे. कारण ही पहिली वही तुम्हाला सगळ्यांसमोर वाचायची आहे.

चावडीवाचन आठवतं का? सातबाऱ्याच्या नोंदी गावासमोर वाचायची आमच्या खात्याची पद्धत. तसं वहीचं चावडीवाचन करा. संध्याकाळी, शाळेच्या पटांगणात, माणसं शेतावरून आल्यावर. एकदा यादी पक्की करताना आणि नंतर वाटप चालू असताना रोज. “चूल क्रमांक 47, कालच्या तारखेला तांदूळ पाच किलो, चादरी दोन.” मागं कुणीतरी म्हणणारच, “चादर एकच मिळाली.” तिथंच दुरुस्त करायचं. पहिल्या दिवशी आरडाओरडा होतो. तिसऱ्या दिवसापासून दोनदा घेणारा स्वतःच मागं सरतो, कारण नंबर वाचल्यावर सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळतात.

वही कुणाकडं द्यायची हा नाजूक प्रश्न. सरपंचाकडं नको, पडलेल्या उमेदवाराकडं तर नकोच. 2019 ला आमच्याकडं एका बारावीच्या मुलीकडं दिली होती. अक्षर सुंदर आणि स्वभाव खडूस. तिचा सख्खा चुलता दुसऱ्यांदा रांगेत आला तेव्हा तिनं मान वर न करता विचारलं, “तात्या, सोमवारचं संपलं का?” तात्या घरी गेले. अशी मुलगी गावात शोधा, प्रत्येक गावात एखादी असते.

बाहेरून येणाऱ्याला एकच सांगायचं : माल शाळेत उतरवा, वहीप्रमाणे आम्ही वाटू, तुम्ही शेजारी उभं राहून बघा. काही जण ऐकत नाहीत. त्यांना माणसाच्या हातात पाकीट देतानाचा फोटो हवा असतो. एकाला मी म्हणालो, वहीचा फोटो काढा, तोही छान येतो. तो रागावून गेला.

प्रश्न : पुराच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर मदतीचे मेसेज येतात. आम्ही मित्र ते पुढं पाठवतो, पण कुठले खरे आणि कुठले जुने तेच कळत नाही.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, मिरज

कळत नसेल तर पाठवू नका. उद्धटपणा वाटेल, पण यात मला दुसरं काही सुचत नाही.

एका छावणीत तान्ह्या मुलांसाठी दूध पावडर हवी असा मेसेज फिरला. दुसऱ्या दिवशी गरज भागली, तरी मेसेज आठवडाभर फिरत राहिला. शेवटी दूध पावडरची पोती ठेवायला जागा उरली नाही. बरं, तान्ह्या मुलाला पावडरचं दूध द्यायला उकळलेलं पाणी लागतं, धुतलेली बाटली लागते आणि पुरात नेमकं तेच नसतं. त्यातून जुलाब सुरू होतात. पाजणाऱ्या आईला पोटभर जेवण आणि आडोसा देणं हीच त्या मुलाची मदत.

तुम्हा मित्रांना करता येईल असं काम आहे. मेसेज आला की त्यातल्या नंबरावर फोन लावा. गरज खरी असेल तर तारीख, वेळ, गाव, काय हवं आणि किती हवं हे टाकून नव्यानं लिहा. गरज भागली की त्याच सगळ्या ग्रुपांवर ‘भागलं, आता पाठवू नका’ असं टाका. हा दुसरा मेसेज कुणीच टाकत नाही. पाच जणांनी मिळून एवढं केलं तरी तहसील कार्यालयातला फोन जरा कमी वाजेल.

प्रश्न : पुरानंतर गावच्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती टाकायची? आमच्याकडं अंदाजानं ओंजळी टाकतात.
— ग्रामपंचायत सदस्य, वाळवा तालुका

आधी गढूळ पाणी उपसून टाका. मग विहिरीतलं पाणी लिटरात मोजा. व्यासाला व्यासानं गुणा, मग पाण्याच्या खोलीनं गुणा, सगळं मीटरमध्ये. आलेल्या आकड्याला 785 नं गुणलं की लिटर निघतात. साध्या पाण्याला 1000 लिटरला चांगल्या प्रतीची पावडर अडीच ग्रॅम हा नेहमीचा हिशेब. पुरानंतर पाण्यात घाण जास्त असते, तेव्हा एवढ्यानं भागत नाही. म्हणून टाकल्यावर तासभर थांबून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का याची तपासणी, करा आणि आरोग्यसेवकाला दाखवा. पिवळा रंग आला नाही तर मात्रा वाढवायची. पावडर बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरचं पाणी विहिरीत सोडायचं. उघड्या पोत्यातली गेल्या वर्षीची पावडर टाकलीत तर नुसता चुना टाकल्यासारखं होईल.

प्रश्न : मी सांगलीत कर्नाळ रोड भागात भाड्यानं राहते. गेल्या पुरात घरमालकाच्या नावानं पंचनामा झाला, आमचं नाव कुठंच नव्हतं. भांडी-कुंडी आमची गेली. असं का होतं आणि पुढं काय काळजी घ्यावी?
— एक गृहिणी, सांगली

असं होतं कारण पंचनाम्याला गेलेला माणूस दिवसाला पन्नास-साठ घरं करत असतो आणि दारात जो भेटेल त्याचं नाव लिहितो. मी सुद्धा हे केलं आहे, कबूल करतो.

मदत दोन प्रकारची असते हे लक्षात ठेवा. भिंत पडली, घर पडलं त्याची मदत मालकाची. कपडे, भांडी, घरातलं सामान गेलं त्याची मदत त्या घरात राहणाऱ्या कुटुंबाची. 2019 ला राज्य सरकारनं ग्रामीण भागात कुटुंबाला 10,000 आणि शहरात 15,000 रुपये दिले, त्यातले 5,000 आधी रोख. 2021 ला आकडा वेगळा होता. दर वेळी नवा शासन निर्णय निघतो, त्यामुळं शेजारच्या जिल्ह्याचे किंवा मागच्या पुराचे आकडे घेऊन तलाठ्याशी वाद घालू नका. चालू निर्णयाची प्रत मागा. कपडे-भांड्यांच्या मदतीसाठी घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असण्याची अट निकषात असते. सरकार ती कधी सैल करतं, कधी करत नाही.

म्हणून पाणी कधी शिरलं आणि कधी उतरलं हे तारीख-वेळेसह लिहून ठेवा. भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचा फोटो घ्या, शेजारी माणूस उभा करून, म्हणजे उंची कळते. चिखल काढायच्या आधी प्रत्येक खोलीचा फोटो काढा. सगळेजण आधी घर धुतात आणि मग पंचनामा येतो. तो येतो तेव्हा घर चकचकीत असतं आणि कागदावर ‘किरकोळ नुकसान’ पडतं. भाडेकरार नसेल तर गॅसचं पुस्तक, मुलांच्या शाळेचा दाखला, त्या पत्त्यावरचं कुठलंही बिल चालवून बघा. पंचनाम्यावर पंच म्हणून शेजाऱ्यांच्या सह्या असतात. शेजारणीशी बरं ठेवा, मी चेष्टा करत नाही. सही करण्याआधी वाचा. तरीही नाव राहिलंच तर तोंडी सांगून परत येऊ नका. साध्या कागदावर अर्ज लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच असलेला अर्ज दडपणं कठीण, हे टेबलाच्या पलीकडं बसलेल्या माणसाकडून ऐका.

प्रश्न : 2021 च्या दरडींनंतर आमच्या शिक्षकांच्या गटानं पाटण तालुक्यात मदत नेली, दिवाळीला फराळही दिला. नंतर जाणं थांबलं. अशा ठिकाणी पुढं काय करायला हवं होतं, याची रुखरुख आहे.
— निवृत्त शिक्षक, कऱ्हाड

गुरुजी, पूर आणि दरड यांत मोठा फरक आहे. पुराचं पाणी उतरतं, घर खराब का होईना जागेवर असतं. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं जुलै 2021 मध्ये डोंगरच खाली आला. माणसं गेली, घरं गेली आणि शेताची मातीही गेली. सातबाऱ्यावर जमीन आहे, डोंगरावर नाही. त्यामुळं तिथली मदत महिन्यात संपत नाही. हा कोयनेचा परिसर आहे. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाच्या गोष्टी आजही म्हातारी माणसं सांगतात. तिथल्या माणसाला जमिनीवर भरवसा ठेवणं तसंही जड जातं.

फराळ दिलात, चांगलं केलंत. पण तुम्ही शिक्षक आहात, तुमच्या हातात कागद आहे. पिकाचं नुकसान, शेतात साचलेला गाळ आणि खरडून किंवा दरडीखाली गेलेली जमीन, ही मदतीची वेगवेगळी सदरं असतात. पुष्कळ शेतकऱ्यांचं फक्त पहिलं भरलं जातं. महिन्यातून एक रविवार जाऊन प्रत्येक कुटुंबाचा कागद कुठं अडलाय ते बघणं हे फराळापेक्षा कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच ते करायला कुणी नसतं. वारस नोंद, बँक खातं, मुलांचे दाखले. नवी वसाहत होणार असेल तर जागा ठरवण्याआधी बायकांना विचारलं का, हे तुम्ही विचारा. पाणी किती लांब, गोठ्याला जागा आहे का, शेत किती कोसांवर. गोठा नसलेल्या सुबक घरात माणसं सामान ठेवतात आणि स्वतः जुन्या ठिकाणी राहायला जातात.

अजूनही जाऊ शकता. तीन-चार वर्षांनी आलेला माणूस उशिरा आला असं तिथं कुणी म्हणणार नाही. चहाच देतील.

प्रश्न : मी नववीत आहे. 2019 ला आमच्या घराला पाणी लागलं तेव्हा सगळ्यांना बोटीतून काढलं. आमची म्हैस सोडून दिली होती, ती नंतर सापडली नाही. आता आजी म्हणते, पुन्हा पाणी आलं तर मी घर सोडणार नाही. तिला कसं समजवायचं?
— एक विद्यार्थिनी, कसबे डिग्रज

बाळ, तू प्रश्न विचारलास आणि त्याचं उत्तरही तुझ्याच पत्रात लिहिलंस.

आजीला आकडे सांगून बघ. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 ला धोका. 2005 ला ते 53 फुटांच्या पुढं गेलं होतं, 2019 ला 57 च्या वर. 2005 ला ज्याच्या उंबऱ्याला पाणी लागलं, त्याच्या घरात चौदा वर्षांनी आजीच्या छातीएवढं आलं. पण मला वाटतं, आकड्यांनी ती हलणार नाही. तिची बोटीत बसायची भीतीही खोटी नाही. 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला बोट उलटली ते तिनं ऐकलं असणार. बोटीची वेळच येऊ द्यायची नसेल तर रस्ता कोरडा असताना चालत निघायचं, म्हणजे 40 फुटांची बातमी आली की.

आत्ता घरात म्हैस आहे का? असेल तर बाबांना सांग, उंचावरच्या पाहुण्यांकडं तिच्यासाठी एका खुंट्याची जागा आत्ताच बोलून ठेवा. आठवड्याची वैरण तिथं आधी टाकून ठेवा. तिच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर तू तुझ्या वहीत लिहून घे, घटसर्पाची लस पावसाआधी टोचून घ्या. पाणी वाढायला लागलं की आजीशी वाद घालत बसू नका. म्हशीचं दावं सोडा आणि तिला घेऊन रस्त्याला लागा. आजी मागनं येते की नाही बघ.